तिच्या सहीशिवाय

आमच्या कारखान्यात गाण्यांच्या तबकड्या निघतात. नव्या साच्यातली पहिली तबकडी आधी तपासनीस बाईंच्या खोलीत जाते; आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. बाई हेडफोन लावून ऐकतात आणि दोष सापडला की तिथेच थांबून लाल पेन्सिलीने मिनिट-सेकंद टिपतात. त्यांची सही नसेल, तर मालकाने सांगितलं तरी मी यंत्र सुरू करत नाही.

गेल्या वर्षी बाईंच्या एका जुन्या साथीदाराचा अल्बम आला. पूर्वी दोघं एकाच बँडमध्ये गायचे. मग महाशयांनी बाईंना गोड बोलून बाजूला काढलं आणि त्यांच्या चाली स्वतःच्या म्हणून खपवल्या. बाईंनी हे मला एकदाच सांगितलं, पण तो विषय निघाला की माझ्याच तळपायाची आग मस्तकात जाते.

"सोडू नका त्याला," मी म्हणालो.

"तू यंत्राकडे बघ," बाई म्हणाल्या. पण पेन्सिलीला टोक काढून बसल्या होत्या.

अल्बम गुंगी आणणारा. गिटार पाण्याखाली वाजल्यासारखी, मधेच उलटी बासरी. बाईंनी पहिल्या बाजूवरच तीनदा नापास केला: सूर हेलकावतो, मागे घरघर आहे. तिन्ही वेळा त्याचा मालकांना फोन, "अहो, ते मुद्दाम केलंय!"

चौथ्यांदा त्या शेवटच्या गाण्यापर्यंत पोचल्या. तिथे एक बाई गात होती. आवाज संथ केलेला, घुमवलेला, पण आमच्या बाईंचाच. जुन्या तालमीची टेप त्याने जपून ठेवली होती! वेष्टनावर सामान उचलणाऱ्यांचीही नावं होती, यांचं नव्हतं.

त्यांनी मला बोलावून हेडफोन दिले. साच्यावर ओरखडा होता आणि सुई नेमकी बाईंच्या आवाजातल्या एका ओळीवर अडकत होती. कुणी उठून उचलेपर्यंत तीच ओळ.

"साचा बदलायला सांगतो."

"कशाला? मुद्दाम केलंय ते," बाई म्हणाल्या आणि सही ठोकली. अशी खोटी सही त्यांनी पहिल्यांदाच केली. मला मात्र मनापासून आनंद झाला.

लोक तबकड्या परत करतील, त्याची फजिती होईल, असा आमचा हिशेब. झालं भलतंच. लोकांना ती अडकलेली ओळच आवडली. ही कल्पनाही आपलीच, असं त्याने मुलाखतीत ऐटीत सांगितलं.

मग दुसरी, मोठी मागणी आली, तिच्यासाठी नवा साचा बनला. ओळ तशीच अडकायला हवी, अशी अट. घाई करायला तो स्वतः आला आणि बाईंना पाहून दारातच थबकला.

"तू? इथे? बरं, जुनं काही उकरू नकोस. सही कर, गाडी उभी आहे."

बाईंनी पूर्ण तबकडी ऐकली. तो तोवर उभाच. ती ओळ आली तेव्हा त्यांनी हेडफोन काढून आवाज खोलीभर मोठा केला आणि त्याच्या डोळ्यांत बघत स्वतः गायला लागल्या. सुई अडकलेली, बाई गातायत, आणि दाराशी अख्खा कारखाना जमलेला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं: नापास. दोष, गाणारीचं नाव नाही.

"वेष्टन नवं छापून आण," त्या म्हणाल्या. "मग ऐकते."