सरांच्या गाडीच्या धुरकट काचा

सरांच्या गाडीला पंधरा वर्षं झाली आणि तिची नोंदणी पुन्हा करायची वेळ आली. आरटीओच्या तपासणीत इंजिन, ब्रेक, हॉर्न सगळं ठीक निघालं, अडलं ते हेडलाइटवर. दोन्ही काचा पिवळट आणि धुरकट झाल्या होत्या. तपासणाऱ्याने दिवे लावायला सांगितले, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो टिमटिमा रही है. सोमवार को ठीक कराके लाइए."

मी सरांच्या सोबत होतो. नवी जोडी मागवली तर तीन आठवडे लागतील, असं दुकानदाराने फोनवरच सांगितलं. तेव्हा मी बोलून गेलो, "सर, मी घरी साफ करून देतो."

हे काम मी पूर्वी कधी केलेलं नव्हतं. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले होते, एवढंच. पण सरांनी विचारलंसुद्धा नाही. "चलो, तू करतो म्हणतो म्हणजे झालंच समज," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. त्या क्षणापासून सोमवारपर्यंत मला नीट झोप लागली नाही.

गाडीवर काय अवलंबून होतं ते मला माहीत होतं. सरांची मुलं बाहेरगावी असतात. या वयात गाडी कशाला, विकून टाका, असं ती दोन वर्षांपासून म्हणत होती. शेवटी ठरलं की गाडी पास झाली तर ठेवायची, नाही तर विकायची. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्यांचे गुडघे गेलेले. ऑटोची पायरी त्यांना चढवत नाही. सर दर रविवारी त्यांना कांचघर भागातल्या घरून गाडीने बुद्धविहारात नेतात, आणि महिन्यातून एकदा शहराबाहेर सिहोऱ्याला काकूंच्या बहिणीकडे. गाडी गेली असती तर काकूंचं बाहेर पडणंच संपलं असतं.

आणि मी कोण? बाबांना शहरात, रांझीला कारखान्याचं क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही सिहोऱ्याला राहत होतो. बाबा कारखान्यात बसने ये-जा करायचे आणि मी तिथल्याच शाळेत शिकायचो. सर गणित शिकवायचे. बारावीनंतर मला कुठेतरी कामाला लावायचं घरात ठरत आलं होतं. तेव्हा सर स्वतः घरी आले, कॉलेजचा फॉर्म बरोबरच घेऊन. आईने केलेला चहा थंड झाला तरी ते बाबांशी बोलत राहिले. फॉर्म त्यांनीच भरला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो असा. आज मी ऑफिसात खुर्चीवर बसतो, ती खुर्ची त्या फॉर्ममधून आली, असं मी मानतो. त्या माणसाची गाडी माझ्या हातून बिघडली तर मी त्यांना तोंड कसं दाखवणार होतो?

शनिवारी सुट्टी होती. सकाळी गाडी अंगणात लावली. काचेच्या कडेला रंगावर कागदी टेप चिकटवली, बादलीत पाणी घेतलं आणि आठशे नंबरचा पॉलिशपेपर भिजवून घासायला लागलो. पांढरं पाणी ओघळायला लागलं. आपण काच म्हणतो, पण असतं ते प्लास्टिक. दहा मिनिटांनी फडक्याने काच पुसून पाहिली. आधी ती धुरकट तरी होती, आता पूर्ण पांढरी झाली होती. आतला बल्बही दिसेना. असंच होतं, पुढच्या बारीक कागदांनी ते जातं, हे व्हिडिओत सांगितलं होतं. पण मला वाटत राहिलं की त्यांचं गेलं असेल, आपलं जाणार नाही.

बाबा ओट्यावर बसून पाहत होते. बत्तीस वर्षं त्यांनी कारखान्यात पॉलिशचं काम केलेलं. थोड्या वेळाने ते उठून आले.

"गोल गोल काहून घासून राहिला बेटा?"

"मग कसं घासायचं?"

"पहिला कागद आडवा, दुसरा उभा. उभ्या रेघांनी आडव्या रेघा पुसल्या का मगच तिसरा. नाही तर तुला समजन कसं, कोणती रेघ कोणत्या कागदाची हाय?"

एवढी साधी गोष्ट कुठल्याही व्हिडिओत नव्हती. मी तसं केलं. आठशेचा आडवा, पंधराशेचा उभा, तीन हजारचा पुन्हा आडवा. बाबा मधूनमधून बोटाचं टोक फिरवून सांगायचे, अजून आहे, किंवा चल पुढे. शेवटी पॉलिश लावून पुसलं तेव्हा दुपार कलली होती. काचा पुष्कळ उजळल्या, पण एक बारीक धुरकट थर होता. त्यावर क्लिअर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा स्प्रे मारायचा होता. तो भरपूर उन्हात मारायचा असतो, म्हणून मी ते रविवारवर ठेवलं.

रविवारी सकाळी बाहेर आलो तर दोन्ही दिवे नव्यासारखे चमकत होते. मला इतका आनंद झाला की मी विचारच केला नाही. ऊन अंगणात आलं तसा डबा हलवून स्प्रे मारला. पाहता पाहता लॅकर ठिकठिकाणी मागे सरकलं आणि काचेवर गोवर उठल्यासारखे खड्डेच खड्डे झाले.

मी बोट लावून पाहिलं. खाली तेल होतं.

बाबांना विचारलं. ते सहज म्हणाले की रात्री त्यांनीच शिलाई मशीनचं तेल लावून पुसलं. पॉलिश झालेला माल कारखान्यात कधी उघडा ठेवत नसत, तेलाचा हात मारूनच शिफ्ट सुटायची. त्यांनी माझं राहिलेलं काम पुरं केलं होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" माझा आवाज चढला. "हे तुमच्या कारखान्यातलं लोखंड नाही बाबा."

बाबा वळले. आत निघून गेले. मी तिथेच उकिडवा बसलो. हातात उरला होता एकच दिवस आणि डबा निम्मा संपला होता. पण त्याहून मला माझंच वाक्य टोचायला लागलं. त्याच लोखंडावर मी शिकलो होतो.

थोड्या वेळाने बाबा बाहेर आले. हातात भांड्यांच्या साबणाची वडी आणि जुनी बनियन. त्यांनी काचा साबणाने तीनदा धुतल्या. पाण्याचा थेंब काचेवर कसा पसरतो ते वाकून पाहिलं, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. मग आठशेपासून पुन्हा सुरू. एक दिवा त्यांचा, एक माझा. घासता घासता मी त्यांना समजावलं की या प्लास्टिकला पाण्याचा त्रास नसतो, उन्हाचा असतो. लॅकर त्याच्यासाठीच मारतात.

"म्हणजे याले ऊनच गंजवते," ते म्हणाले. "अच्छा. हे आधी सांगायचं होतं ना."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि माझ्या बाजूची एक राहिलेली रेघ बोटाने दाखवली.

तीन वाजता उरलेला स्प्रे मारला. पातळ, पण दोन्हींना पुरला. ऊन जाईपर्यंत बाबा धूळ बसू नये म्हणून गाडीपुढे खुर्ची टाकून बसले आणि गल्लीत झाडू मारणाऱ्या शेजारणीला त्यांनी दोनदा थांबवलं.

सोमवारी आम्ही पुन्हा आरटीओच्या रांगेत उभे राहिलो. तपासणाऱ्याने दिवे लावायला सांगितले, भिंतीकडे पाहिलं, मग वाकून काचेकडे. "नई डलवाई क्या?" त्याने विचारलं. सर म्हणाले, "नहीं, हमारे लड़के ने घर पे की है." त्याने कागदावर खूण केली. गाडी पास झाली.

परत येताना सर म्हणाले, आता मी चालवतो. मी बाजूला बसलो. रांझीकडे वळताना एक सायकलवाला डावीकडून पुढे आला. भर दुपार होती, रस्ता स्वच्छ दिसत होता. मी त्याला पाहिलं. सरांनी नाही पाहिलं. मी "सर" म्हणालो तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. सायकल वीतभर अंतरावरून निघून गेली. सरांचे हात बराच वेळ स्टिअरिंगवर घट्ट होते.

माझ्या घराजवळ आल्यावर मी धीर करून विचारलं, "सर, रविवारी मी चालवू का?"

ते समोरच पाहत होते. "तुझ्या काकूला सांगू नको," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "नऊ वाजता ये."

त्या रविवारी मी पावणेनऊलाच पोचलो. काकू मागे बसल्या होत्या, पांढरी साडी, मांडीवर फुलांची पिशवी. सर गाडीबाहेर उभे होते. ड्रायव्हरचं दार त्यांनी उघडून धरलं होतं. मी आत बसलो, तरी ते स्टिअरिंगकडे पाहत उभे राहिले, लगेच दार लावेनात.