वरचा डी, खालचा डी

"सर, डी वर बी हाय, खाली बी हाय. मग कापायचा का न्हाई?"

मागच्या बाकावरून बबननं विचारलं आणि माझा खडू फळ्यावरच थांबला. साल एकाहत्तर. नगरच्या एका कॉलेजात मी नुकताच गणिताचा लेक्चरर झालो होतो. वर्ग फर्स्ट इयर सायन्सचा, विषय कॅल्क्युलस. एक गोष्ट बदलली की तिच्यामागे दुसरी किती झपाट्यानं बदलते, ते मोजायचं गणित. त्याची खूण म्हणजे डीवाय बाय डीएक्स.

हे 'बाय' आम्हा मास्तरांचं. मराठी शाळांतून आलेली पोरं म्हणायची, 'डीवाय छेद डीएक्स'. छेद म्हटला की अपूर्णांक आला. अपूर्णांकात वरखाली सारखं दिसलं की कापायचं, हे चौथीपासून अंगवळणी पडलेलं. पण इथं डी कापला की नुसता वाय छेद एक्स उरतो आणि उत्तर साफ चुकतं.

का कापायचा नाही, हे मला इंग्रजीत पाठ होतं. मराठीत सांगता येईना. खरं तर मलाच नीट उमगलं नव्हतं. वय चोवीस, अंगात एम.एस्सी.ची मस्ती. मी म्हणालो, "कापा की! ऊसच आहे तो!"

वर्ग खो-खो हसला. बबन खाली बसला. त्याचे आईवडील पाथर्डीकडून दरसाल ऊसतोडीला जातात, हे पोरांना ठाऊक होतं, मला नव्हतं. त्या दिवसापासून त्याचं नाव 'कोयता' पडलं. पंधरवड्यात तो यायचा बंद झाला.

जानेवारीत हजेरीपट पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याच्या गावच्या एका पोरानं कारण सांगितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचे आईवडील त्या साली कोपरगावला तोडीवर होते. रविवारी एसटीनं ते गाठलं. विचारत विचारत, तोड चालू होती ते रान शोधलं.

बबन उसाच्या मोळ्या बांधत होता. "आये, आमचं सर आल्यात!" त्यानं हाक मारली. आईनं घाईघाईनं मला बसायला पोतं अंथरलं.

"वर्गात चल," मी म्हणालो.

"सगळी कोयता म्हनत्यात. म्हनलं, मग कोयताच धरावा." मोळी आवळत तो म्हणाला, "पर सर, त्ये डीचं उमगलं मला. डी म्हंजी 'थोडं'. वर थोडं दूध, खाली थोडं पानी. त्यातलं 'थोडं' कापून कसं चालंल?"

इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं.

"टर्म मिळती का बगा," तो म्हणाला. "मिळाली तर येतो. आयेला बी त्येच पायजे."

टर्म म्हणजे हजेरी पुरेशी असल्याचा शेरा. तो नसला तर परीक्षेला बसता येत नाही. मी शब्द दिला आणि सोमवारी प्रिन्सिपॉलांपुढे उभा राहिलो.

"मुलगा हुशार आहे, सर. टर्म ग्रँट करावी."

"हुशार आहे, तर यायचा का बंद झाला?"

माझी नोकरी प्रोबेशनवर होती. "घरची अडचण," मी म्हणालो.

"ती कुणाला नाही?" त्यांनी फाईल मिटली.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला झापलं असतं आणि बहुधा त्याला टर्म दिली असती. माणूस कडक होता, अन्यायी नव्हता. बबनला मी गावच्या पोराकरवी निरोप धाडला. स्वतः जायचा धीर झाला नाही. तो परत आला नाही.

पुढं तीस वर्षं दरसाल कुणीतरी डी कापायचं. मी फळ्यावर लिहायचो, थोडं दूध छेद थोडं पाणी. वर्गाला लगेच कळायचं. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. शिकवता शिकवता सुचतं," मी म्हणालो.

दुसऱ्याची रीत वापरली तर खाली त्याचं नाव लिहावं, हा गणितातला साधा शिरस्ता. मला तेवढाही पाळता आला नाही.