हळदीचा हात आणि गोल ब्रश

मांडवामागं दोन बायका भांडत होत्या आणि परकरातली चांगुणा चुलीला जळण नेता नेता थांबून ऐकत होती. गाव साताऱ्याकडचं. एक बाई नवऱ्या मुलाची मावशी, दुसरी नवरीची काकू. मावशीचं म्हणणं, नवरीला कावीळ आहे आणि ती लपवून पोरगी आमच्या गळ्यात मारली. काकूचं म्हणणं, असलं काही बोललीस तर मांडवाचा वासा काढीन. झालं होतं एवढंच, की काकूनं आदल्या दिवशी हळद वाटली, नवरीला लावली आणि सकाळी त्याच हातानं घाईघाईत तिच्या तोंडाला स्नो-पावडर फासली. गालावर पिवळी बोटं उठली. मावशीला भांडायला निमित्त हवंच होतं, ते काकूनं नवरीच्या गालावर काढून दिलं. लग्न लागलं, पण मुलाकडच्यांनी रागानं पानातली बुंदी तशीच टाकली. चांगुणाला नवरीचं वाईट वाटलं आणि बुंदीचं त्याहून जास्त.

ही चांगुणा पुढं हौसेरावांची बायको होऊन जुईनगरला आली. हौसेराव तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहणारे. माणूस दांडगा, पण घरात आवाज बायकोचा. शेजारच्या एका पोरीच्या लग्नात पार्लरवाली आली नाही, म्हणून चांगुणाबाईनं तिचं तोंड रंगवलं आणि ते असं काही उतरलं, की मग जुईनगर-शिरवण्यातल्या पोरी तिच्याकडंच यायला लागल्या. हत्यार म्हणजे तिची दोन बोटं. फाउंडेशन तळहातावर घ्यायचं, ऊब लागली की बोटाच्या टोकानं गालावर, कपाळावर, हनुवटीखालून पार गळ्यापर्यंत थापत जायचं. गळा सोडून नुसतं तोंड रंगवणाऱ्या बाईला ती बाई म्हणायला तयार नव्हती.

आणि एक नेम. उद्या नवरी सजवायची असली की आज हळदीला हात लावायचा नाही. हळदीच्या कार्यक्रमात तर नाहीच, पण स्वयंपाकातसुद्धा नाही. आमटीला फोडणी घालायची आणि हाक मारायची, "आवं, हळद टाकून जावा." हौसेराव असतील तिथून उठून यायचे आणि मोठ्या ऐटीत चिमूट सोडायचे. पुढं पुढं तर तेच लोकांना सांगायचे, आमच्या घरात स्वयंपाक मी करतो.

असं छान चाललं होतं आणि भावाच्या पोरीचं लग्न ठरलं.

ज्ञानू हा चांगुणाबाईचा धाकटा भाऊ, दोन बिल्डिंग सोडून राहायचा. त्याची वैष्णवी. चांगुणाबाईला स्वतःचं मूल नव्हतं, वैष्णवी तिच्याच मांडीवर वाढली. पोरीनं आधीच सांगून ठेवलं, माझा मेकअप आत्या करणार, दुसऱ्या कुणाला तोंडाला हात लावू देणार नाही. चांगुणाबाई सुखावली. तेवढ्यात वैष्णवीची आई रखमा पत्रिका घेऊन आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "वन्सं, पहिली हळद तुमची. आपल्यात आत्याच लावती."

चांगुणाबाई म्हणाली, मला मेकअप करायचाय, दुसरी कोणी सुवासिनी बघ. रखमा शांतपणे म्हणाली, "सुवासिनी पन्नास मिळतील. आत्या कुठनं आणू?"

त्या रात्री चांगुणाबाईला जेवण गेलं नाही. हळद लावावी तर बोटं पिवळी होणार आणि त्या बोटांनी पोरीचं तोंड बिघडणार. नेम पाळावा तर मांडीवर वाढवलेल्या पोरीला पहिली हळद परकीची लागणार. शेवटचा उपाय म्हणजे वाशीची पार्लरवाली. ते नाव निघताच वैष्णवीनं तोंड फिरवलं. मग तीच म्हणाली, "आत्या, टेन्शन नको घेऊ. बोटं नाहीत तर ब्रश."

चांगुणाबाईनं ब्रश पाहिले होते ते भिंतीचे. तरी दोघी वाशीला गेल्या. दुकानदारानं काचेवर ब्रशांची रांग मांडली. एक चपटा, जिभेसारखा. एक मोठा मऊ, फुललेल्या गोंड्यासारखा. एक आखूड, गोल, गच्च केसांचा. दुकानदार म्हणाला, फाउंडेशनला सगळ्या चपटाच नेतात. चांगुणाबाईनं तिन्ही गालावर फिरवून पाहिले, मऊ ब्रशानं गुदगुल्या झाल्या म्हणून हसली आणि तिन्ही बांधून घेतले. कुठला बरा, हे दुकानात कळायचं नव्हतं. आधी हळद लागलेलं तोंड पाहिजे होतं.

ते घरातच होतं.

हौसेराव म्हणाले, लग्नात लावलीत तेवढी पुरे झाली. चांगुणाबाईनं शनिवारी सुकट केली, तव्यावर, लसूण घालून. जेवून तृप्त झालेल्या माणसाला हळद लावणं अवघड नसतं. रविवारी मार्केट बंद. दाढी घोटून, तोंड धुऊन हौसेराव खिडकीच्या उजेडात खुर्चीवर बसले, हळदीनं नुसते लखलखत होते.

कपाळावर चपटा ब्रश चालवला. तो पुढं गेला तशा मागं रेघा राहिल्या, घाईत सारवलेल्या अंगणासारख्या, आणि रेघांतून पिवळं वर आलं. डाव्या गालावर मोठा मऊ. त्यानं फाउंडेशन स्वतःच पिऊन टाकलं, गालाला नुसता वारा घातला. उजव्या गालावर गोल. तोही आधी चोळून पाहिला तर पिवळं ओढलं गेलं. चांगुणाबाईनं ब्रश खाली ठेवला आणि हताश होऊन म्हणाली, "बोटाची सर कशाला न्हाय."

वैष्णवी म्हणाली, "मग बोटासारखाच चालव की. तू कधी चोळतेस का? थापतेस."

चांगुणाबाईनं दुसरा थर घेतला. गोल ब्रश उभा धरला आणि टोकानं हलकं हलकं टिपत गेली, बोटं जशी चालायची तशी. गाल झाकला गेला, पिवळं आत राहिलं आणि रेघ दिसेना. तिनं मान वाकडी करून पाहिलं, वैष्णवीनं पाहिलं. हौसेरावांनी आरसा मागितला, तो त्यांना दिला नाही.

एवढ्यात दार वाजलं. मार्केटातला किसन टोळीचा निरोप घेऊन आला होता आणि दार हौसेरावांनीच उघडलं. कपाळ रेघांचं, एक गाल पिवळा, एक गाल सिनेमातल्या हिरोचा. किसन निरोप विसरला. सोमवारी सगळ्या मार्केटनं विचारलं, "हौसेराव, दुसऱ्यांदा बोहल्यावर चढताय व्हय?" हळद तोंडावरून जायला वेळ लागला आणि तोवर ते प्रत्येकाला सांगत होते, मुलगी बघायचं चाललंय.

मग हळदीचा दिवस आला. चांगुणाबाईनं आंब्याच्या पानानं सुरुवात केली, पण पान कधी बाजूला पडलं आणि दोन्ही हात पोरीच्या गालांवर कधी गेले, तिलाच कळलं नाही. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच एवढी माखली, मनगटापर्यंत.

लग्नाच्या सकाळी तिनं डावा हात पाठीमागं धरला, उजव्यात गोल ब्रश, आणि वैष्णवीला सजवलं. कपाळ, गाल, कान, गळा. बोट कुठंही टेकवलं नाही. पोर उजळली. मांडवात आणून बसवली आणि चांगुणाबाई आपली पिवळी बोटं पदरात गुंडाळून खांबाशी उभी राहिली. नवऱ्या मुलाची आई यायची होती.

विहीणबाई आल्या. ठसठशीत बाई, चष्म्याची. वैष्णवीसमोर उभ्या राहिल्या, चष्मा नीट केला, वाकून बघायला लागल्या. चांगुणाबाईला बुंदी आठवली. विहीणबाईंनी हळूच बोट पुढं केलं आणि नवरीच्या हनुवटीवरून एक काळा केस उचलला.

"घरात मांजर पाळलंय का हो?"

रखमेचा चेहरा पडला. चांगुणाबाई खांब सोडून पुढं आली, लपवलेले हात पदरातून बाहेर आले.

"मांजर न्हाय, ब्रश हाय," ती म्हणाली. "नवा हाय, केस सोडतोय. माझे हात हळदीचे, म्हणून घ्यायला लागला."

विहीणबाईंनी तिचे हात पाहिले, पिवळेजर्द, मनगटापर्यंत. मग नवरीच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा हातांकडं.

"आत्या का?" म्हणाल्या. "तरीच. हळद चढलीय पोरीला." आणि तो केस त्यांनी फुंकरीनं उडवला तो थेट भटजींच्या अंगावर. तिथून जे हसू फुटलं ते अक्षता पडेपर्यंत थांबलं नाही. जेवणात बुंदी होती. विहीणबाईंनी दोनदा घेतली.

त्यानंतर चपटा ब्रश रखमा तव्याला तेल लावायला घेऊन गेली. मऊ गोंडा हौसेरावांनी दाढीच्या साबणासाठी पळवला. गोल ब्रश चांगुणाबाईकडं राहिला. नवा असताना धुतला नाही ही चूक एकदाच झाली. पुढं ती त्याला शिकेकाईनं धुवायची आणि चिमट्यानं दोरीवर उलटा टांगायची, हौसेरावांच्या बनियनशेजारी. आता सगळ्या पोरींची हळद ती लावायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मेकअपही करायची.

पुढं हौसेरावांचे गुडघे गोण्यांना कंटाळले आणि दोघांनी गावी जायचं ठरवलं. भांडी बांधून झाली. जायच्या दिवशी सकाळी शिरवण्यात एक नवरी होती, शेवटची. चांगुणाबाईनं दोरीवरचा ब्रश काढला, रुमालात गुंडाळला, पिशवीत ठेवला. तिचे हात कालच्या हळदीनं पिवळेच होते. स्टोव्हवर आमटी उकळत होती. ती चपला घालता घालता म्हणाली, "आवं, हळद टाका."

हौसेराव गुडघे धरून उठले, चिमूट घेतली आणि ऐटीत सोडली. चांगुणाबाईनं दार ओढून घेतलं आणि शिरवण्याकडं निघाली.