चौथ्या डब्यातला स्फटिक

आमच्या छोट्या उपग्रहावर गॅमा किरण टिपणारे चार डबे बसायचे होते. प्रत्येक डब्यात एक स्फटिक. गॅमा किरण त्यावर आदळला की आत बारीकसा प्रकाश चमकतो आणि मागचा सेन्सर तो मोजतो. या स्फटिकाला दमट हवा अजिबात चालत नाही. जरा ओलावा लागला की तो पिवळट, गढूळ होत जातो, म्हणून तो हवाबंद सील केलेला असतो. आणि असलं प्रकरण घेऊन मी भर पावसाळ्यात बेलापूरहून रबाळ्याला निघाले होते. गाडीत डब्यांची पेटी मांडीवर घट्ट धरून बसले. नवरा गाडी चालवत होता. प्रत्येक खड्ड्याला तो माझ्याकडे बघायचा आणि मी पेटीकडे.

रबाळ्यात एका गाळ्यात हादऱ्यांची चाचणी करतात. रॉकेट सुटताना जसे हादरे बसतात तसे तिथलं टेबल देतं. गाळ्याचे मालक तिथल्याच गावचे, साठीच्या पुढचे. टेबलावर डबे आवळून झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"ताई, ह्यो डबा वर जाऊन काय करनार हाय?"

मी सांगितलं, फार दूर कुठेतरी एखादा प्रचंड तारा कोसळतो, किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा गॅमा किरणांचा झोत सुटतो. काही सेकंदांत सगळं संपतं. आपल्या हवेतून ते किरण खाली येत नाहीत, म्हणून मोजायचं यंत्र वर पाठवायचं.

"कदी होनार ता म्हाईत असतं?"

"नाही. कुठे होणार तेही नाही."

ते म्हणाले, "मंग तुमी नुसतं बसून रहानार."

मी हो म्हटलं.

टेबल तीन दिशांनी हादरे देतं. प्रत्येक दिशेनंतर आम्ही डब्यांसमोर बटणाएवढा किरणोत्सारी स्रोत ठेवून सगळे नीट मोजतायत ना ते बघत होतो. दोन दिशांनंतर सगळं ठीक होतं. तिसऱ्यानंतर चौथ्या डब्याचा आलेख खाली सरकलेला दिसला. त्याच किरणांना तो आता कमी प्रकाश देत होता. मी केबल काढून पुन्हा लावली, दुसऱ्या डब्याशी अदलाबदल करून पाहिली. फरक पडला नाही.

आमच्या प्रमुख मॅडमना तिथूनच फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शक्यता दोनच होत्या. हादऱ्याने स्फटिकाची आणि सेन्सरची पकड थोडी ढिली झाली असेल, तर जे बिघडायचं ते बिघडून झालंय. पण सीलला चीर गेली असेल तर ओलावा आत शिरत राहणार आणि डबा हळूहळू आंधळा होणार. डबा उघडून बघावं, तर उपग्रहावर बसवायला डबे सुपूर्द करायची मुदत हुकणार. दुसरा स्फटिक आमच्याकडे नव्हता.

"उघडायचं की नाही, ते तू सांग," मॅडम म्हणाल्या. "डबा तुझ्या हाताखालून गेलाय."

मी म्हटलं, थोडे दिवस रोज मोजते. आलेख आणखी घसरला तर उघडू.

ते दिवस मी कसे काढले ते घरच्यांना विचारावं. ऑफिसात पोचले की पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी चौथा डबा मोजायचे. एका सकाळी आलेख खरंच थोडा घसरला. दुसऱ्या सकाळी आणखी. घरी जेवताना नवऱ्याने काही विचारलं की मी भलतंच उत्तर द्यायचे. पाऊस थांबत नव्हता आणि खिडकीच्या काचेवरचा दमटपणासुद्धा मला बघवत नव्हता.

मग ध्यानात आलं की त्या दोन रात्री खोलीतला एसी बंद पडला होता. खोली तापली की स्फटिकाचा प्रकाश बदलतो. बाकीच्या तीन डब्यांचे आकडेही तेवढेच घसरले होते, पण माझं लक्षच नव्हतं. तापमानाचा हिशेब धरून पुन्हा पाहिलं, तर चौथा जागच्या जागी होता. कमजोर, पण स्थिर.

मी मॅडमना सांगितलं, उघडायचं नाही. तसाच पाठवायचा.

उपग्रह वर गेला, डबे सुरू झाले, आणि माझी नवी काळजी सुरू झाली. चार डब्यांची तोंडं चार दिशांना आहेत. कुणाला किती किरण लागले यावरून स्फोट आकाशात कुठे झाला ते काढायचं. चौथ्याचा आकडा चुकला तर आमचं बोट भलतीकडे जाणार आणि त्यावर विसंबून कुणीतरी आपली दुर्बीण रिकाम्या आकाशाकडे वळवणार.

पहिला स्फोट सापडला तेव्हा मी नवऱ्याबरोबर दिवाळे गावात बोंबील घेत होते. मॅडमचा मेसेज आला: दुसऱ्या उपग्रहांना मोठा स्फोट दिसलाय, त्या वेळी आपलाही त्या बाजूला होता. आमची माहिती खाली यायला अजून अवकाश होता. कोळीण सुट्टे परत देत होती, ते न घेताच मी चालू लागले. तिने हाक मारून परत बोलावलं.

घरी लॅपटॉपसमोर बसून राहिले. दुपारी माहिती आली. चारही आलेखांत एकाच क्षणी उंच टोक होतं. चौथ्याचं सगळ्यांत बुटकं. मी हादऱ्यांनंतरच्या मोजणीवरून त्याची दुरुस्ती केली, दिशा काढली आणि चूक किती असू शकते तेवढं वर्तुळ त्या जागेभोवती आखलं. इतरांनी पक्की केलेली जागा आमच्या वर्तुळात होती, अगदी कडेला.

मॅडमचा फोन आला. "काठावर आहे, पण आत आहे. कळव सगळ्यांना."

स्वयंपाकघरात नवरा बोंबील साफ करत होता, त्याला बातमी सांगायचं मला सुचलंही नाही. मी इतर वेधशाळांना पाठवायचं निवेदन लिहायला घेतलं. चुकीची शक्यता दाखवणारं वर्तुळ हिशेबाने आलं होतं त्याहून थोडं मोठं धरलं आणि चौथा डबा हादऱ्यांपासून कमजोर आहे म्हणून तसं धरलंय, हे खाली एका ओळीत लिहिलं. मॅडमनी बाकीच्या मजकुरात दोन-चार शब्द बदलले. ती ओळ तशीच ठेवली.