भोंग्याला जोडलेले दिवे

माझ्या सासूबाईंना ऐकू येत नाही, हे लग्नानंतर वर्षभर मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः तर मुळीच नाही. मी त्यांना आत्या म्हणायची. समोर बसलं की त्या माणसाच्या ओठांकडं बघून सगळं बोलणं ओळखायच्या, उत्तरंही फटाफट द्यायच्या. पाठ फिरवली की मात्र हाक मारा नाहीतर ओरडा, त्या वळायच्या नाहीत. मला वाटायचं, सून पसंत नाही म्हणून असं करतात. खरं काय ते वर्षानं नवरा घरी आला तेव्हा त्याच्याकडून कळलं.

मी तेव्हा शिरवळच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करायची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा कराडला केलेला, वर्गात आम्ही दोनच मुली. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. आत्यांचं घर कराडजवळच्या एका गावात, वस्तीच्या अगदी टोकाला, मागं ऊस. सासरे वारल्यापासून त्या तिथं एकट्या राहायच्या. दर आठवड्याच्या सुट्टीला मी शिरवळहून एसटीनं त्यांच्याकडं जायची.

आत्यांचे गुडघे दुखायचे आणि पाण्याच्या मोटारीचं बटण परसात होतं. वीज कधी यायची, कधी जायची. म्हणून मी कारखान्यात शिकलेलं सगळं वापरून एक पेटी बनवली होती. ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकली. टाकी रिकामी झाली आणि वीज असली की पेटी आपणहून मोटार चालू करायची, भरली की बंद. अंधारून आलं की अंगणातला दिवा लावायची. आज घर असं चालवायला बाजारात तयार वस्तू मिळतात. तेव्हा मी रिले, तारा आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घेऊन ते काम केलं होतं, आणि ते कधी बंद पडलं नाही.

मग एका दुपारी चोरी झाली. आत्या पुढच्या सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मागच्या दारानं कुणीतरी आत आलं, तांब्याचा हंडा आणि दोन मोठी पातेली उचलली आणि निघून गेलं. भांडी घेऊन जाताना आवाज झाला असणारच. आत्यांना संध्याकाळी पाणी तापवायला गेल्यावर कळलं.

माझा धाकटा दीर सांगलीत नोकरीला होता. तो धावत आला. म्हणाला, "आई, घराला कुलूप लाव आन् चल माज्याकडं."

आत्या म्हणाल्या, "हंडा गेला म्हनून घर सोडू व्हय? मी हितनं हलनार न्हाई."

दिरानं वाद घातला नाही. पुढच्याच आठवड्यात तो सांगलीच्या एका दुकानातून चोराचा अलार्म घेऊन आला, सोबत बसवायला मेकॅनिक. दोन्ही दारांना लोहचुंबक लावले. दार उघडलं की भिंतीवरचा भोंगा असा ठणाणा करायचा की झाडावरचे कावळे उडायचे. मी सुट्टीला पोहोचले तेव्हा दीर आणि मेकॅनिक मोठ्या कौतुकानं मला तो वाजवून दाखवत होते. आत्या त्याच भोंग्याखाली बसून शांतपणे शेंगा फोडत होत्या.

हा भोंगा आईलाच ऐकू येणार नाही, हे दिराच्या तेव्हा लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला.

"वैनी, आता काय करायचं वो?" तो म्हणाला. "शेजारीबी लांब हाय. ऊस वाढला की त्यांनाबी ऐकू जायाचं न्हाई."

मी म्हणाले, "भोंग्याच्या तारा माझ्या पेटीला जोडूया. कानांचं काम डोळ्यांना देऊ."

मेकॅनिकनं मान हलवली. "ताई, ह्याला बाहेरचं काय जोडता येत नाही. कंपनीची वस्तू आहे. तुम्ही हात लावलात की गॅरंटी गेली."

"जाऊ दे," मी म्हणाले.

मला त्यात अवघड काहीच दिसत नव्हतं. दार उघडलं की अलार्म भोंग्याकडं बारा व्होल्ट पाठवतो. त्याच दोन तारांवर एक रिले बसवायचा. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. भोंगा वाजला की ते बटण दाबलं जाणार आणि माझ्या पेटीला खबर मिळणार. पेटी तीन लाल दिवे लुकलुकवणार. दिवे मी गावातल्या गॅरेजमधून ट्रॅक्टरच्या मागचे आणले आणि लुकलुकायला त्याच्याच इंडिकेटरचा फ्लॅशर. सगळं, अलार्मसुद्धा, बॅटरीवर, म्हणजे वीज नसली तरी चालेल. एक दिवा चुलीच्या वर, एक सोप्यात, एक आतल्या खोलीत बुद्धमूर्तीच्या फळीशेजारी.

दुपारपर्यंत जोडून झालं. दिरानं मागचं दार उघडलं, भोंगा वाजला, दिवे लागले. मी दार लावून भोंगा बंद केला. तो गप्प झाला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. पुन्हा बंद केला, पुन्हा वाजला. दीर कानात बोटं घालून अंगणात पळाला. "आवं वैनी, बंद करा की त्याला!" मेकॅनिक हाताची घडी घालून उभा होता. त्याला काय वाटत होतं ते दिसत होतं.

मी बॅटरीची तार काढली आणि पायरीवर बसले. चूक माझीच होती, पण कुठली ते पाच मिनिटांत समजलं. रिलेच्या आत तारेचं वेटोळं असतं. वीज बंद होताना ते एक उलटा झटका मारतं. तो झटका अलार्ममध्ये शिरत होता आणि अलार्मला वाटत होतं, दार पुन्हा उघडलं. असा झटका तिथल्या तिथं जिरवायला एक डायोड लावतात. कारखान्यात रोज शेकडो लावायची मी, आणि घरी विसरले. पिशवीत दोन होते. एक लावला, सोल्डरचा डाग दिला, बॅटरी जोडली. भोंगा वाजला, बंद केला, बंदच राहिला. मग मी तेच दहा वेळा करून बघितलं.

खरी परीक्षा आत्यांची. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांना काही न सांगता मी घराला वळसा घालून मागं गेले आणि दार ढकललं. लाल उजेड भिंतीवर नाचला. आत्यांनी हातातली भाकरी तव्यात टाकली, उलथनं उचललं आणि वळल्या.

"कोन हाय?" त्या गरजल्या. मग मला बघितलं. उलथनं खाली आलं. "परत कर," म्हणाल्या.

मी परत केलं. तीनदा करायला लावलं त्यांनी. तिसऱ्यांदा त्या हसल्या. तव्यातली भाकरी करपून गेली.

जेवण झाल्यावर दीर आणि मेकॅनिक सांगलीला गेले. आत्या माझ्यापुढं येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "चोर आला तर दिवा लागतोय. मानूस आलं तर का न्हाई लागत?"

मला आधी कळलंच नाही.

"पोस्टमन हाका मारून जातो," त्या म्हणाल्या. "माज्या पोराचं पत्र दुसऱ्याच्या घरी पडतंय. बाया येत न्हाईत. म्हनत असतील, हिला लय माज आलाय, हाकंला ओ देत न्हाई."

"मग गावात सांगायचं ना, ऐकू येत नाही म्हणून."

"सांगू कशी?" त्यांनी पदर सारखा केला. "भैरी म्हनतील. एकलीनं ऱ्हाऊ देतील व्हय मग मला?"

इतकी वर्षं त्यांनी हे एकटीनं सांभाळलं होतं. मला माझ्या पहिल्या वर्षातले रुसवे आठवले आणि लाज वाटली.

पुढच्या सुट्टीला मी दाराबाहेर एक बटण बसवलं. चोराचा लाल दिवा लुकलुकणारा, पाहुण्याचा हिरवा, सरळ जळणारा. दोन्हींत गोंधळ व्हायला नको. बटणावर पाटी लावायची का, असं मी विचारलं. आत्या म्हणाल्या, "लाव. आन् नीट मोठ्या अक्षरात लिव." मग स्वतःच मजकूर सांगितला: 'ऐकू येत नाही. बटण दाबा.'

गावात बातमी फिरायला दोन दिवस पुरले. बटण दाबून बघायला म्हणूनच बायका यायला लागल्या. मी घरात असताना एकदा हिरवा दिवा लागला. आत्या उठून दारात गेल्या. बाहेर पलीकडच्या आळीतली त्यांची जुनी मैत्रीण उभी होती. दोघी कधीकाळी एकत्र शेतात भांगलणीला जायच्या, पण दोन वर्षं बोलणं बंद होतं. ती पाटीकडं बघत होती.

"हे खरं हाय?" तिनं विचारलं.

"व्हय," आत्या म्हणाल्या.

"मी पोरीच्या साखरपुड्याचं आवतान घेऊन आले हुते. तू पाठ करून बसली हुतीस. तीन हाका मारल्या. मला वाटलं, मुद्दाम करती."

"न्हाई गं. आवतानच न्हाई म्हनून मीबी तुज्यावर रुसले हुते."

ती उंबऱ्यातच रडायला लागली. आत्या रडल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरून आत आणलं, उजेडात, आपल्या अगदी समोर बसवलं आणि म्हणाल्या, "आता सगळा साखरपुडा सांग. तोंड माज्याकडं ठेवून सांग." मी चहा टाकला. तिसरा चहा झाला तरी नवरीच्या साडीपर्यंतच गाडी आली होती.

चोर काही पुन्हा आला नाही. शेजारची शेळी तेवढी दोनदा लाल दिव्यात सापडली. सहा महिन्यांनी, मी सुट्टीला आलेली असताना, तो मेकॅनिक अलार्म तपासायला आला. त्यानं पाटी वाचून बटण दाबलं, आत्यांनी त्याला आत घेतलं आणि कुठला दिवा कशाचा, हे हातात उलथनं घेऊन समजावून सांगितलं. त्यानं माझ्या पेटीतली एकेक तार बघितली. जाताना म्हणाला, "ताई, ह्याच्या जोडणीचा नकाशा काढून द्याल का? मेढ्याला एक म्हातारे मास्तर आहेत. त्यांनाही ऐकू येत नाही."

मी नकाशा काढून दिला. डायोडभोवती लाल पेननं गोल केला आणि बाजूला लिहिलं, हा विसरू नका.