तक्त्यावरची अक्षरं

दसऱ्याच्या तोंडावर आमच्या मखमलाबादच्या मळ्यात झेंडूची तोडणी चालली होती आणि पोरं बांधापलीकडे आंधळी कोशिंबीर खेळत होती. राज्य माझ्या लेकीवर होतं. ओढणी घसरून तिचा डावा डोळा चक्क उघडा पडला, तसा पोरांनी गलका केला, "चीटिंग! हिला दिसतंय!" ती मात्र हात पुढे करून चाचपडतच राहिली. मी टोपली टाकून धावले. उजवा डोळा झाकला की तिला नुसता धूर दिसत होता. नऊ वर्षांची पोर एका डोळ्यावर सगळं भागवत होती आणि घरात कुणाला पत्ता नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्यातली शीर तुंबलीय, आत रक्त आणि सूज आहे.

"अहो, हे म्हाताऱ्यांचं दुखणं ना?" मी भांडल्यासारखीच बोलले.

"मुलांनाही होतं. क्वचित."

त्या 'क्वचित'चा मला असा संताप आला! माझंच घर सापडलं होय त्याला?

मग भूल देऊन डोळ्यात इंजेक्शनं. प्रत्येक वेळी तिला बाहेर आणलं की मी घळाघळा रडायचे. सासूबाई म्हणायच्या, "लय रडती बाई तू. पोरीला काय वाटंल?" पण ऐकतंय कोण! पुढे डोळ्यात नको त्या नव्या शिरा उगवल्या, डोळ्याचं प्रेशर वाढलं. दुखायला लागलं की ती उशीत डोकं खुपसून पडायची. तरी मी आशा सोडली नव्हती. दवाखान्यातल्या तक्त्यावरची वरची मोठी अक्षरं तरी तिला दिसू देत, एवढंच देवाकडे मागत होते.

आणि एके दिवशी तिने वाचली! उजवा डोळा झाकलेला, आवाज खणखणीत, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मी तिथूनच फूलबाजारात नवऱ्याला फोन लावला. "अहो, दिसतंय! आपल्या पोरीला दिसतंय!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पुन्हा वाच बाळा," म्हणत त्यांनी तक्त्यामागचा दिवा बंद केला. खोलीत काळोख झाला. ती वाचतच राहिली, त्याच ओळी, त्याच सुरात. आधी उजव्या डोळ्याने वाचतानाच तिने सगळं पाठ करून ठेवलं होतं. फोनवर नवरा "हॅलो, हॅलो" करत होता.

"सगळं बरोबर आलं ना, आई?" तिने विचारलं. "आता नाही ना रडणार?"

"नाही गं, कशाला रडू?" म्हणाले आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.