सात आणि आठच्या मधला गुलाबी

कल्पना करा, तुमच्या हातात लांब चिमटा आहे. समोर काचेची बरणी; तळाशी खडे, वर माती आणि मातीत नखाएवढ्या पानांचं झाड. हिरव्या पानांवर गुलाबी शिरांची जाळी. त्यातलं एकच कुजकं पान उचलायचंय, शेजारच्याला धक्का न लावता. श्वास रोखलात ना? शेडताईनेही रोखला होता.

ती सोळा वर्षं रंगाच्या दुकानात रंग मिसळते. गिऱ्हाईक पडद्याची चिंधी आणो की फुटक्या कपाचा तुकडा, ती एका नजरेत शेडचा नंबर सांगते. म्हणून शेडताई. झाड मात्र धाकट्या बहिणीचं. तिला तीन महिने परगावी काम लागलं आणि एका दुपारी बरणी हिच्या गळ्यात पडली.

"फिटोनिया म्हणतात याला. गुलाबी देतेय, गुलाबीच परत हवा. तुझ्या हातात प्लास्टिकचं झाडसुद्धा मान टाकेल, म्हणून बजावतेय."

"जा गं! रंग कसा सांभाळायचा हे तू मला शिकवणार?"

झालं, शब्द गेला! शेडताईने तिथल्या तिथे शेडकार्ड काढून पानाला लावलं: गुलाबी, नंबर सात. बरणी कपाटावर चढली. आठवड्याने कामावरून आल्यावर तिने पिवळ्या दिव्याखाली पुन्हा कार्ड लावलं. नंबर चार, म्हणजे पार फिकट! तहान लागली असेल म्हणून तिने पेलाभर पाणी ओतलं. काच दिवसभर धुकटलेली राहिली, एक पान कुजलं, आणि चिमट्याची वेळ आली.

दुकानात मालकांना सांगितलं तर ते हसत सुटले. "बाई, पिवळ्या बल्बखाली शेड जुळवलीस? गिऱ्हाइकाला रोज काय सांगतेस? उजेडात नेऊन बघा!"

शेडताईने कपाळावर हात मारला. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी बरणी खिडकीत आणली. नंबर सहा! म्हणजे उतरला होता फक्त एकच, पण खराखुरा. नवे शेंडेही फिकट, मान लांब केलेले, उजेड शोधत निघालेले. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: रंग बघायला डोळ्यांना जो उजेड लागतो, तोच पानाला रंग धरायला लागत असणार!

मग काय विचारता! बरणी खिडकीशी आली, पण पातळ पडद्याआड, कारण थेट उन्हात काचेतलं झाड उकडून निघालं असतं. धुकं जाईपर्यंत झाकण उघडं राहिलं, पाणी बंद झालं, लांब शेंडे खुडले गेले. रोज सकाळी दात घासत ती बरणीला नाक लावून उभी. तिसऱ्या आठवड्यात खुडल्या जागी दोन ठिपके दिसले. "फुटलं! अहो, फुटलं!" नवऱ्याच्या हातातला चहा सांडला. त्याला वाटलं, नळ फुटला.

बहीण आली तेव्हा बरणी गच्च भरलेली, गुलाबी जाळीने पेटलेली.

"ताई, खरं सांग, दुसरं विकत आणलंस ना?"

"कार्ड लावून बघ! जुनी पानं सहा. नवी सातच्या पुढे, आठच्या आधी. असा नंबरच नाही. चार दिवस दुकानात हा रंग बनवतेय. लाल एक थेंब जास्त पडला की बिघडतो, कमी पडला की बिघडतो. मला सांग, या नखाएवढ्या पानात थेंब कोण मोजतं गं?"